सामान पोचवणारं अंतराळयान परत आणून पुन्हा वापरण्यात एवढं काय आहे?

तुम्ही विचारलंय की सामान तर वर न्यायचं असतं, मग खाली येताना रिकामं यान जळून गेलं तर बिघडलं कुठे? बिघडतं, कारण परतीचं यान रिकामं नसतं.

रशियाचं प्रोग्रेस आणि अमेरिकेचं सिग्नस ही मालवाहू यानं परतताना वातावरणात जळून जातात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा कचरा त्यांच्यातच भरून देतात. कचऱ्याचं ठीक आहे. पण तिथे वाढवलेल्या पेशी, अंतराळवीरांच्या रक्ताचे नमुने, तपासायला हवा असलेला बिघडलेला सुटा भाग, यांचं काय? जुलै २०११ मध्ये अमेरिकेचं स्पेस शटल बंद झालं, तेव्हा सुखरूप परतणारं उरलं फक्त रशियाचं माणसं नेणारं सोयूझ यान. त्यात तीन माणसं बसल्यावर जेमतेम पन्नासेक किलो मावायचं. मी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. फ्रीझर एक रात्र बंद पडला की महिन्यांची मेहनत कशी पाण्यात जाते, हे मी पाहिलंय. त्यामुळे ही अडचण मला फार जवळची वाटते.

२५ मे २०१२ रोजी अंतराळवीर डॉन पेटिट यांनी स्थानकाच्या यांत्रिक हाताने स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीचं ड्रॅगन हे मालवाहू यान पकडलं. खासगी यान स्थानकाला जोडलं गेल्याची ती पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी दार उघडून आत गेल्यावर नव्या कोऱ्या गाडीसारखा वास येतोय, असं ते म्हणाले होते. ते यान पॅराशूटने समुद्रात उतरलं, सामानासकट.

पुनर्वापर त्यानंतरचा. सप्टेंबर २०१४ मध्ये गेलेली ड्रॅगनची कॅप्सूल, म्हणजे यानाचा परत येणारा भाग, जून २०१७ मध्ये पुन्हा गेली. उष्णतारोधक कवच नवं बसवावं लागलं, खाऱ्या पाण्याने खराब होणारे भागही बदलावे लागले. त्या पहिल्या खेपेला डागडुजीचा खर्च जवळजवळ नवं यान बांधण्याइतका आला, असं खुद्द स्पेसएक्सचे प्रमुख इलॉन मस्क यांनीच सांगितलं होतं. म्हणजे पैसे वाचणं ही पुढची गोष्ट. मुळात यान धडधाकट खाली येतं, म्हणून ते पुन्हा वापरता येतं, आणि म्हणूनच आतले नमुनेही वाचतात.

जानेवारी २०२१ मध्ये सुधारित मालवाहू ड्रॅगन फ्लोरिडातल्या टॅम्पाजवळ उतरलं, तेव्हा घाईचे नमुने हेलिकॉप्टरने काही तासांत फ्लोरिडातल्याच नासाच्या केनेडी अंतराळ केंद्रात पोचले. पूर्वी प्रशांत महासागरातून बोटीने आणण्यात दिवस जायचे. गुरुत्वाकर्षण पुन्हा जाणवू लागलं की पेशी लगेच बदलू लागतात, म्हणून हे तास मोलाचे.

शुभांशू शुक्ला यांनी २०२५ मध्ये स्थानकावर मूग आणि मेथीला मोड आणले. १५ जुलैला ते उतरले, ते ड्रॅगनच्याच माणसं नेणाऱ्या भावंडातून.