वाचकांचे प्रश्न : सेनापती मंत्री कसा होतो?

प्रश्न : अमेरिकेत निवृत्त सेनाधिकाऱ्याला लगेच संरक्षणमंत्री होता येत नाही, असे वाचले. मग जनरल जॉर्ज मार्शल कसे झाले?

उत्तर : तुम्ही वाचलेत ते बरोबर आहे. 1947च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यानुसार सक्रिय सेवा सोडून 10 वर्षे होईपर्यंत ते पद मिळत नसे. मार्शल यांची अडचण तर आणखी मोठी. ते पाच तारे असलेले, अगदी वरच्या हुद्द्याचे जनरल. हा हुद्दा तहहयात सक्रिय यादीत राहतो, त्यामुळे 10 वर्षे मोजायची तरी कुठून? म्हणून सप्टेंबर 1950मध्ये, कोरिया युद्ध पेटलेले असताना, काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) फक्त त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला आणि पुन्हा अशी नेमणूक होऊ नये, असे त्यातच लिहून ठेवले. सेनेवर नागरी सत्तेचा ताबा राहावा म्हणून ही अट आहे, आणि ती असायलाच हवी.

परराष्ट्रमंत्रिपदाला मात्र ही अट नाही. जानेवारी 1947मध्ये मार्शल विनाअडथळा तिथे आले होते. 5 जून 1947 रोजी हार्वर्डमध्ये त्यांनी महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपच्या उभारणीची कल्पना (मार्शल योजना) मांडली. योजना युरोपीय देशांनी एकत्र बसून आखावी, पैसा अमेरिकेने द्यावा, हे तिचे मर्म. पुढे 4 वर्षांत सुमारे 13 अब्ज डॉलर गेले. 1953चे शांततेचे नोबेल त्यांना मिळाले ते या कामामुळेच.

संरक्षणमंत्रिपदासाठीची मुदत 2008मध्ये 7 वर्षांवर आली (2021अखेरच्या कायद्याने जनरल दर्जाच्या अधिकाऱ्यांसाठी ती पुन्हा 10 वर्षे झाली). 7 वर्षांची मुदत असतानाही निवृत्त जनरल जेम्स मॅटिस (2017) आणि लॉइड ऑस्टिन (2021) यांना संरक्षणमंत्री होण्यासाठी दोन्ही सभागृहांतून सवलतीचा कायदा करून घ्यावा लागला. नेमणुकीला सिनेटची (वरच्या सभागृहाची) मंजुरी लागते, ती वेगळीच.