वेतन देणारा उपक्रम की शुल्क घेणारा?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. अकरावीतल्या मुलीला वैद्यकीय क्षेत्र जवळून पाहायचे आहे. एक रुग्णालय उन्हाळ्यात तासाप्रमाणे वेतन देऊन मुलांना घेते. दुसरीकडे दहा दिवसांसाठी भरमसाठ शुल्क मागतात. काय निवडावे?

उत्तर : माझ्या मते निःसंशय वेतन देणारा उपक्रम निवडावा. तिथे वेळेवर हजर राहताना, रुग्णाविषयी घरीसुद्धा न बोलण्याचे पथ्य पाळताना आणि व्हीलचेअर ढकलताना परिचारिका, श्वसनोपचारतज्ज्ञ, प्रयोगशाळा-तंत्रज्ञ यांचा दिवस कसा जातो हे तिला दिसेल, आणि डॉक्टर होण्यापलीकडेही या क्षेत्रात सन्मानाच्या वाटा आहेत, जे आपल्या घरांत फार क्वचित बोलले जाते, तेही उमगेल. मात्र १८ वर्षांखालील मुलांवर अमेरिकेच्या केंद्रीय कामगार कायद्याची बंधने आहेत. उदाहरणार्थ, रुग्ण उचलण्याचे विजेवरचे यंत्र त्यांनी एकट्याने चालवायचे नसते. म्हणून कामाचे स्वरूप लेखी मागून घ्या. राज्याच्या संकेतस्थळावरील अल्पवयीन कामगार नोंदणीही आधी करावी लागते. पुढे परिचारिका-साहाय्यक व्हावेसे वाटले, तर केंद्रीय नियमानुसार त्याचे प्रशिक्षण किमान ७५ तासांचे असते. शुल्क भरून मिळणारे प्रमाणपत्र वैद्यकीय प्रवेशाची हमी देत नाही. त्यासाठी कर्ज मुळीच काढू नका.