सूर्यफुलाच्या ‘पाकळी’खाली बी का धरत नाही?

प्रश्न चांगला आहे: मधल्या गोलात एवढं बी भरतं, मग कडेच्या पिवळ्या पाकळ्यांच्या बुडाशी का नाही?

कारण ती पाकळी नव्हेच. सूर्यफूल म्हणजे शेकडो फुलांचा स्तबक, म्हणजे दाट झुबका. मोठ्या वाणांत ही संख्या हजार-दोन हजारांवर जाते. कडेची प्रत्येक पिवळी पट्टी हे किरणपुष्पक, म्हणजे एक स्वतंत्र फूल, पण वांझ. त्याला पराग देणारे पुंकेसर नसतात आणि खालचं किंजपुट, म्हणजे जिथे बी धरतं तो भाग, वाढत नाही. मधमाशीला लांबून दिसणं एवढंच त्याचं काम. बी धरतं ते मधल्या गोलातल्या बारीक फुलांत, म्हणजे बिंबपुष्पकांत.

हे स्वतः उघडून बघाच. उमलणं कडेकडून मध्याकडे सरकतं, म्हणून निम्मं उमललेलं फूल घ्या. धारदार सुरीने मधोमध उभं कापा आणि टाचणीने एक बिंबपुष्पक उचला. दहा पटीचं भिंग पुरतं. बुडाशी पांढरं किंजपुट दिसेल, तेच पुढे टरफलासकट बी होतं. त्यावर दोन नाजूक खवले असतात, नुसतं बोट लागलं तरी गळतात. मग पाच दातांची पिवळी नळी, आणि तिच्यातून डोकावणारी काळपट नळी म्हणजे कडांनी जोडलेले पाच परागकोश. पराग या नळीच्या आत सुटतात. खालून वाढणारा कुक्षिवृंत, म्हणजे किंजपुटावरची दांडी, पिचकारीचा दट्ट्या सरकावा तसा, ते वर ढकलतो. साधारण दुसऱ्या दिवशी त्याच्या टोकाची, पराग झेलणारी कुक्षी दुभंगते, दोन्ही फाटे बाहेर वळतात आणि आता हेच फूल पराग घ्यायला तयार होतं. त्यामुळे एकाच स्तबकात बाहेरच्या ओळी मादी अवस्थेत, आतल्या नर अवस्थेत आणि मध्यभागी कळ्या, असं एकाच वेळी दिसतं.

गुच्छासाठी विकतात ती फुलं यासाठी नकोत. त्यांतली बरीच वाणं मुद्दाम परागहीन केलेली असतात. पराग दिसणारच नाहीत.

मध्यभागी बी पोचट राहतं त्याचं कारण वेगळं. तिथली फुलं शेवटी उमलतात, तोवर कडेच्या बियांनी अन्नरस ओढलेला असतो. मधमाश्या कमी आल्या, बोरॉन कमी पडलं किंवा फुलोऱ्यात कडक ऊन लागलं की हा पोचट भाग रुंदावतो.

बी पिकलं की वाळकी फुलं चोळून काढा आणि बियांच्या वळणदार रांगा मोजा. पहिल्या रांगेवर खडूची खूण करा, नाहीतर गणती हमखास चुकते. बहुधा एका दिशेला ३४ आणि दुसरीकडे ५५ भरतात, मोठ्या स्तबकात ५५ आणि ८९. प्रत्येक नवं पुष्पक आधीच्यापासून सुमारे १३७.५ अंशांवर फुटतं, त्यातून या रांगा बनतात.