जुनी बाईक ट्रॅकवर नेताना

प्रश्न: माझी बाईक वीस वर्षं जुनी आहे, पार्ट मिळत नाहीत. ट्रॅक डेला (रेस ट्रॅकवर आपली बाईक चालवायच्या दिवशी) पडली तर कमीत कमी नुकसान व्हावं म्हणून काय लावू? फ्रेम स्लायडर (फ्रेमला लावायचे गट्टू, पडल्यावर बाईक त्यांच्यावर घसरते) पुरतील का?

उत्तर: नुसत्या स्लायडरवर राहू नका हो. डांबरावर घसरताना ते कामाला येतात, पण लांब दांड्याचा स्लायडर ट्रॅकच्या कडेच्या खडीत रुतला की सगळा जोर माउंटिंगवर येतो आणि फ्रेमच वाकू शकते, म्हणून आखूडच घ्या. त्याआधी इंजिन केस कव्हर (इंजिनच्या बाजूच्या झाकणांवर बसणारं संरक्षक कव्हर) बसवा, कारण क्लच किंवा जनरेटरचं झाकण घासून फुटलं की ऑइल ट्रॅकवर, आणि मागून येणारा त्यावर पडतो, हे मला बाईकपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. ओरिजिनल फेअरिंग (बाईकचं बाहेरचं आवरण) काढून घरी जपून ठेवा, ट्रॅकला फायबरग्लासचं लावा. आरसे, इंडिकेटरही काढा.