वाचकांचे प्रश्न : मीटर खोटं बोलतो का?

प्रश्न : गिझरवर २३० व्होल्ट, २००० वॅट छापलंय. एलिमेंटचा (पाणी तापवणाऱ्या तारेचा) रोध मोजला तर सुमारे २६ ओहम आला, हिशेबाशी जुळला. पण १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा रोध ५२९ ओहम यायला हवा, मीटर ४० दाखवतो. मीटर बिघडलाय का? – एक वाचक, दादर

उत्तर : मीटर ठीक आहे, बल्ब थंड आहे. तुमचा हिशेब पेटलेल्या बल्बचा. १०० भागिले २३० म्हणजे ०.४३४८ अँपिअर करंट, आणि व्होल्टेजला करंटने भागलं की ५२९ ओहम. टंगस्टनची तार सुमारे २५०० अंशांना तापते, तेव्हा तिचा रोध बारा-तेरा पट होतो. म्हणूनच असे बल्ब बहुधा बटण दाबताक्षणीच उडतात. गिझरच्या एलिमेंटमध्ये नायक्रोम या मिश्रधातूची तार असते, तिचा रोध तापल्यावरही फारसा बदलत नाही.

गिझरला मिळणारं व्होल्टेज २०० वर उतरलं तर? वॅट तेच धरून १० अँपिअर काढणं ही नेहमीची चूक. कायम राहतो तो रोध : २०० भागिले २६.४५ म्हणजे ७.५६ अँपिअर, आणि पॉवर १५१२ वॅट. पाणी उशिरा तापतं ते यामुळे.

पूर्ण व्होल्टेजला ८.७ अँपिअर जातात, तेव्हा सॉकेट १६ अँपिअरचंच हवं. आपल्या खाऱ्या हवेत टर्मिनल, म्हणजे वायर कसायचे स्क्रू, गंजतात. तिथे अर्धा ओहम जरी वाढला तरी सुमारे ३६ वॅट उष्णता त्या स्क्रूपाशीच.

रोध मोजताना मेन स्विच बंद, एलिमेंटच्या वायरी सुट्या. करंट मोजायला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) वापरलात तर त्यात एकच वायर घ्या, दोन्ही घेतल्या की शून्य दिसेल.