न्यूट्रिनो की गॅमा: पीएचडीला बाहेर निघण्याआधी

एमएस्सीनंतर मल्टिमेसेंजर खगोलशास्त्रातच (प्रकाश, न्यूट्रिनो असे वेगवेगळे दूत एकत्र ठेवून आकाशाचा अभ्यास) पीएचडी करायची आहे, तर अमेरिकेत आइसक्यूबच्या, म्हणजे दक्षिण ध्रुवाच्या बर्फात पुरलेल्या न्यूट्रिनो-शोधकाच्या, गटात जावं की युरोपात गॅमा किरणांच्या दुर्बिणीवर, आणि दक्षिण ध्रुवावर जायला मिळतं का, असं तू विचारलंस. मी जर्मनीत याच विषयात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

देश नंतर ठरव. न्यूट्रिनो (जवळपास कशातही न अडकणारा भाररहित कण) आणि गॅमा किरण (सर्वांत जास्त ऊर्जेचा प्रकाश) एकाच दिशेने, एकाच सुमारास आले, तर तो निव्वळ योगायोग नाही हे सिद्ध करण्यात तुझं मन रमेल का, ते आधी बघ. आमची वर्षं त्यातच जातात.

२२ सप्टेंबर २०१७ची घटना घे. आइसक्यूबला सुमारे २९० टीईव्ही (एक टीईव्ही म्हणजे लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचा न्यूट्रिनो सापडला आणि ४३ सेकंदांत जगभरच्या वेधशाळांना सूचना गेली. त्याच दिशेचा टीएक्सएस ०५०६+०५६ हा ब्लेझर (महाकाय कृष्णविवराचा झोत आपल्याकडे रोखलेली दीर्घिका) गॅमा किरणांत भडकलेला आहे, असं काही दिवसांत फर्मी या गॅमा किरण टिपणाऱ्या उपग्रहाच्या गटाने कळवलं. पाठोपाठ ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक दुर्बिणींना त्यातून १०० जीईव्हीच्या (०.१ टीईव्हीच्या) वरचे गॅमा किरण येताना दिसले. बातम्यांत हे ठाम शोध म्हणून आलं. मूळ शोधनिबंध वाच: तो न्यूट्रिनो खगोलीय (पृथ्वीच्या वातावरणात न जन्मलेला) असण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के होती, आणि आधी तपासलेल्या सगळ्या घटना हिशेबात धरल्यावर खात्रीचं माप उरलं ३ सिग्मा. असा योग नुसत्या नशिबाने हजारात एखाद-दुसऱ्या वेळी येऊ शकतो. मग जुन्या नोंदी उकरल्या, तेव्हा त्याच दिशेने २०१४-१५ मध्ये काही महिन्यांत अपेक्षेपेक्षा सुमारे १३ न्यूट्रिनो जास्त आल्याचं दिसलं. पण त्या काळात गॅमा किरणांत भडका नव्हता! या विषयातला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रश्न हाच आहे.

कारण तत्त्वतः दोन्ही एकत्रच जन्मतात. वेगवान प्रोटॉन वायूवर किंवा प्रकाशकणांवर आदळले की पायॉन नावाचे अल्पायुषी कण तयार होतात; विद्युतभारित पायॉनांपासून न्यूट्रिनो, भाररहित पायॉनांपासून गॅमा. पण न्यूट्रिनो सुटून येतो आणि गॅमा किरण उगमाजवळच्या दाट प्रकाशात अडकून कमी ऊर्जेत विखुरला जाऊ शकतो. एनजीसी १०६८ या दीर्घिकेच्या बाबतीत २०२२ मध्ये ७९ जादा न्यूट्रिनो आणि ४.२ सिग्मा असा निकाल आला, तरी टीईव्ही ऊर्जेचे गॅमा किरण तिथून दिसलेले नाहीत. म्हणजे गॅमात सर्वांत झगमगणारी वस्तू हीच न्यूट्रिनोंचीही मोठं उगमस्थान असेल, असं धरून चालता येत नाही. म्हणून जिथे न्यूट्रिनोवाले आणि गॅमावाले एकमेकांचे आलेख रोज बघतात, असाच गट शोध. नुसतं एक उपकरण चालवणाऱ्या ठिकाणी तू निम्मं शिकशील.

पार्श्वभूमीचा, म्हणजे नको असलेल्या नोंदींचा, अंदाज असू दे. आइसक्यूबच्या एक घन किलोमीटर बर्फातल्या ५,१६० संवेदकांतून सेकंदाला अडीच हजारांवर म्यूऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद) नोंदले जातात. ते सगळे वातावरणात तयार झालेले. चाळणी लावून वर्षाला लाखाच्या आसपास न्यूट्रिनो उरतात, तेही बहुतांश वातावरणातलेच. यात योगायोगाची शक्यता मोजायची पद्धत मला फार सुंदर वाटते. उपकरण ध्रुवावर असल्याने पृथ्वीच्या फिरण्याबरोबर सगळं आकाश त्याभोवती सारखंच फिरतं. त्यामुळे घटनांच्या वेळा आपसात पिसल्या की फक्त विषुवांश (आकाशातली पूर्व-पश्चिम जागा) बदलतो, क्रांती (उत्तर-दक्षिण जागा) तीच राहते. असं हजारो वेळा करायचं आणि खरी जुळणी किती वेळा आपोआप साधते ते पाहायचं. मात्र खऱ्या वेळा लावून उत्तर पाहायला सहकार्य-गटाची परवानगी लागते, आणि ती मिळेपर्यंत महिने जातात. प्रबंधाचं वेळापत्रक आखताना ते धर.

आता देश. अमेरिकेत पाच-सहा वर्षं लागतात, पहिली दोन बहुधा अभ्यासक्रमात जातात. जर्मनीत पीएचडी बहुधा नोकरीच्या कराराने होते; पहिल्या दिवसापासून संशोधन, तीन-चार वर्षांत आटपायचं. संख्याशास्त्र आणि पायथन पक्कं असेल तर मी युरोप सुचवीन, नसेल तर अमेरिकेतली ती दोन वर्षं सोन्यासारखी आहेत. गॅमाकडे यायचं तर मॅजिक, हेस किंवा व्हेरिटास या गॅमा दुर्बिणींच्या रात्रपाळ्या आल्या, आणि या दुर्बिणी निरभ्र रात्रीच चालतात. मेक्सिकोतली हॉक आणि चीनमधली ल्हासो या गॅमा वेधशाळा दिवसरात्र चालू असतात, त्यामुळे जुळणीसाठी त्या मला जास्त उपयोगी वाटतात. पेन स्टेट विद्यापीठातला एमॉन प्रकल्प आइसक्यूब आणि हॉकच्या एकेकट्याने क्षीण असलेल्या नोंदी एकत्र करतो. उपकरण घडताना बघायचं असेल तर भूमध्य समुद्रातला केएमथ्रीनेट हा न्यूट्रिनो-शोधक बघ. १३ फेब्रुवारी २०२३ला त्यांना सुमारे २२० पीईव्हीचा (एक पीईव्ही म्हणजे हजार टीईव्ही) न्यूट्रिनो मिळाला, पण त्याचा उगम निश्चित झालेला नाही.

प्रत्येक मुलाखतीत एक प्रश्न विचारच: काहीच सापडलं नाही तर माझा प्रबंध कशावर असेल? नकारात्मक निकालही मोठा असतो. आइसक्यूबने फर्मीच्या यादीतले ब्लेझर एकत्र तपासून, ठरावीक वर्णपट (कोणत्या ऊर्जेचे किती न्यूट्रिनो) धरल्यास, एकूण खगोलीय न्यूट्रिनोंत त्यांचा वाटा २७ टक्क्यांहून जास्त असू शकत नाही असं दाखवलं. त्याने अख्ख्या क्षेत्राची दिशा बदलली. ज्या मार्गदर्शकाकडे या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल, तिथे जाऊ नकोस.

अर्ज करण्याआधी एक काम करून ठेव. आइसक्यूबच्या २००८ ते २०१८ या दहा वर्षांच्या नोंदी खुल्या आहेत, फर्मीच्याही. एक ब्लेझर घे, त्याच्या तेजाचा आलेख काढ, न्यूट्रिनोंच्या वेळा पिस आणि योगायोगाची शक्यता स्वतः काढ. उत्तर काहीही येवो, प्राध्यापकांना लिहिताना तो आलेख जोड. गुणपत्रिकेपेक्षा त्याकडे आधी लक्ष जातं.

राहिला दक्षिण ध्रुव. बहुतेक पीएचडीचे विद्यार्थी तिथे कधीच जात नाहीत. नोंदी उपग्रहामार्फत येतात, आणि देखरेखीच्या पाळ्या घरबसल्या करता येतात. हिवाळाभर आइसक्यूबसाठी तिथे दोघंच राहतात. त्यांची भरती वेगळी होते, वैद्यकीय तपासणी कडक असते आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून साधारण ऑक्टोबरअखेरपर्यंत विमान येत नाही. जायची खरंच ओढ असेल तर पीएचडी झाल्यावर त्या जागेसाठी अर्ज कर. गट निवडताना मात्र ते मनात धरू नकोस.