वाशातून गळणारं पीठ: लाकडाच्या किडीबद्दल वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरला की लोक माळ्यावर चढतात, आणि मग आमच्याकडे एकाच विषयाची पत्रं येऊ लागतात. या अंकात लाकूड पोखरणाऱ्या किडीविषयीचे पाच प्रश्न घेतले आहेत. ‘भुंगा’ हा शब्द आपण काळ्या, मोठ्यानं गुणगुणणाऱ्या भुंग्यालाही वापरतो. तो वाशात बोट जाईल एवढं गोल भोक पाडतो, पण त्याचं नुकसान मर्यादित असतं. इथं बोलायचं आहे ते तांदळाएवढ्या भुंगेऱ्यांबद्दल आणि त्यांच्या अळ्यांबद्दल.

आमचं डिचोलीचं कौलारू घर पणजोबांच्या वेळचं आहे. दोन महिने झाले, सोप्यावर एकाच वाशाखाली रोज सकाळी पांढरट भुकटी पडलेली असते. ही वाळवी की भुंगा? छप्पर उतरवावं लागेल का?

आधी भुकटी चिमटीत घेऊन चोळा. मैद्यासारखी मऊ लागली आणि वाशावर टाचणीच्या डोक्याएवढी, 1 ते 2 मिलिमीटरची गोल भोकं दिसली, तर ती भुंगेऱ्याची अळी. भुकटी रवाळ आणि भोकं 3 ते 6 मिलिमीटरची असतील, तर त्याचाच जाडा भाऊबंद. भुकटी नसून खसखशीसारखे सुटे दाणे असतील तर भिंगाखाली बघा: प्रत्येक दाण्याला सहा बाजू दिसल्या तर ती कोरड्या लाकडात राहणारी वाळवी. मातीच्या नळ्या भिंतीवरून वर चढल्या असतील तर जमिनीतली वाळवी, आणि तिचा उपाय लाकडात नाही, जोत्यात आहे. जमीन आणि भिंत मिळते त्या रेषेवर दर 300 मिलिमीटरवर 12 मिलिमीटरची भोकं पाडून औषध सोडायचं, असं आयएस 6313 हे भारतीय मानक सांगतं. ते काम परवानाधारकाकडूनच करून घ्या. (रोयणीला, म्हणजे वारुळाला, सातेरी देवी म्हणून हात जोडणारे आपण, पण दाराच्या चौकटीतल्या वाळवीला ती सूट नाही.)

आता तुमच्या पत्रातला ‘एकाच वाशाखाली’ हा तपशील. मैद्यासारखी भुकटी पाडणारी अळी लाकडाच्या कडेच्या पांढऱ्या भागातलं पिष्ट खाते. सागाच्या, किंदळीच्या गाभ्यात तिला काही मिळत नाही, आणि पांढऱ्या भागातलंही पिष्ट वर्षागणिक कमी होत जातं. पणजोबांच्या वेळच्या वाशाला आज नव्यानं भुंगा लागणं म्हणूनच कठीण. तो एक वासा मधल्या काळात बदलला होता का, घरातल्या जुन्या माणसांना विचारा. बहुतेक होकारच मिळेल: वादळात मोडला, मिळेल ते लाकूड लावलं, कड तासून काढली नाही.

दुसरी गोष्ट, कीड आज जिवंत आहे का? जुन्या बोगद्यांत साचलेली भुकटी पंख्याच्या हादऱ्यानं, माळ्यावर मांजर धावल्यानंही गळते. वासा ब्रशनं स्वच्छ करा, दिसतील त्या भोकांभोवती पेन्सिलीनं गोल काढा, खाली काळा कागद चिकटवा. पंधरा दिवसांनी गोलाबाहेर नवं भोक दिसलं, त्याच्या कडा आतून फिकट आणि ताज्या असल्या, तर जिवंत. ही परीक्षा पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये घेतली तर जास्त बोलकी ठरते. हिवाळ्यात काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

छप्पर उतरवायचं की नाही हे दाभण ठरवतं. वाशाच्या चारही बाजूंना, विशेषतः तो भिंतीवर टेकतो तिथं, दर फुटावर दाभण टोचा. दोन-तीन मिलिमीटरवर अडलं तर लाकूड शाबूत. अर्धा इंच लोण्यासारखं आत गेलं तर तेवढा भाग नाहीच असं धरून हिशेब करा. समजा वासा 4 इंच उभा आहे आणि वरून-खालून अर्धा-अर्धा इंच गेला. उरले 3 इंच. वाशाची वाकण्याविरुद्धची ताकद उंचीच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणजे ती 56 टक्क्यांवर येते. झोळ न पडू देण्याची क्षमता घनावर चालते, ती 42 टक्के. डोळ्याला ‘थोडंसंच खाल्लंय’ वाटतं, तेव्हा निम्मं काम झालेलं असतं. अशा वाशाला औषध देऊन पुरणार नाही. शेजारून त्याच मापाचा जोडवासा बोल्टांनी पक्का करा, नाहीतर तेवढीच कौलं आणि रिपा काढून वासा बदला. सगळं छप्पर उतरवायची वेळ क्वचितच येते.

बाकीच्या शाबूत वाशांसाठी बोरॉन. 10 लिटर गरम पाण्यात आधी 600 ग्रॅम बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, पूर्ण विरघळवा, मग 400 ग्रॅम बोरिक ॲसिड. कॅरमच्या पावडरीच्या डब्यावर ‘बोरिक ॲसिड’ असं छापलेलं असेल तरच ती चालेल, काही पावडरींत दुसरंच काही असतं. 10 फूट लांब, 4 बाय अडीच इंची वाशाचा पृष्ठभाग सुमारे 1 चौरस मीटर. खडबडीत लाकूड दर चौरस मीटरला एका हाताला 200 मिली पितं. 20 वासे, दोन हात, 8 लिटर. वर सांडणं-गळणं धरून 10 लिटर बरोबर पुरतात. पहिला हात सुकायच्या आत दुसरा द्या, फवाऱ्यापेक्षा ब्रशनं. वाशाची कापलेली टोकं दोनदा जास्त भिजवा, अंडी तिथल्या उघड्या छिद्रांतच घातली जातात. मुलं, मांजर आणि पाण्याची भांडी दूर ठेवा, हातात रबरी मोजे आणि डोळ्याला चष्मा हवाच.

वेळ कोणती? ऑक्टोबर. बोरॉन लाकडातल्या ओलीतून आत सरकतं, त्यामुळं पावसानं थोडं दमट झालेलं लाकूड त्याला आत घेतं, मेमधलं कडकडीत लाकूड वरच ठेवून देतं. उलट रॉकेल किंवा टर्पेंटाइनसारख्या द्रावकातलं औषध वापरायचं असेल तर मे. आणि पाऊस थेट लागणाऱ्या लाकडावर, म्हणजे पागोळीच्या टोकांवर, बोरॉन नको, एका पावसाळ्यात धुऊन जाईल.

म्हार्दोळच्या घरी फणसाचा पॉलिश केलेला देव्हारा आहे. तीन वेळा फवारणी करून घेतली, पैसे गेले, भुकटी येतच आहे. औषधच खोटं का?

औषध खरं असेल, पण ते पॉलिशवर बसून सुकलं. पॉलिश, व्हार्निश, रंग यांतून काहीही आत जात नाही, आणि अळी आत आहे. पॉलिशच्या पृष्ठभागावर भुंगेरा अंडीही घालत नाही, तो आतून बाहेर पडतो. अंडी घातली गेली ती देव्हाऱ्याच्या पाठीला, तळाला, खणाच्या खालच्या बाजूला, जिथं मेस्तानं पॉलिश फिरवलेलं नाही.

म्हणून देव्हारा उलटा करा. कच्च्या बाजूंना द्रावकातलं वुड प्रिझर्वेटिव्ह दोन हात द्या (पाण्यातल्या औषधानं लाकडाचे रेषे उभे राहतात, पॉलिशला डाग पडतात). समोरच्या भोकांसाठी 5 मिलीची सिरिंज आणि 20 नंबरची सुई. तिची जाडी 0.9 मिलिमीटर, भोकात नीट बसते. टोक कानशीवर घासून बोथट करा. दर दोन-तीन इंचांवर एक भोक निवडून हळू दाबा. बोगदे एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळं एका भोकात दाबलेलं औषध वितभर लांबच्या दुसऱ्याच भोकातून चिळकांडी होऊन उडतं, आणि तुम्ही नेमके वाकून बघत असता. चष्मा त्यासाठीच. शेजारच्या भोकांवर कापड दाबून धरायला दुसरं माणूस घ्या. दोन दिवसांनी पुन्हा तेवढंच.

या औषधांचा वास जाईपर्यंत, निदान आठवडाभर, त्या देव्हाऱ्यात समई-निरांजन लावायचं नाही. वाफ पेट घेते. देव तेवढे दिवस पाटावर बसवा.

मग भोकं रंगवलेल्या मेणानं बुजवा. दिसायला बरं म्हणून तर आहेच, पण पुढं नवं भोक पडलं तर ते लगेच ओळखू येतं. वर्षभरात एखाद-दुसरा भुंगेरा तरीही बाहेर पडेल, तो आधीच कोषात गेलेला असतो. दोन पावसाळे नवं भोक नसेल तर काम झालं.

गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधायच्या माटोळीची लाकडी चौकट आणि बांबूच्या पट्ट्या वर्षभर माळ्यावर असतात. यंदा चतुर्थीला काढल्या तर हातात भुगा. वेळू अमावास्येला तोडला की भुंगा लागत नाही म्हणतात, खरं का?

अमावास्येपेक्षा महिना महत्त्वाचा. बांबूतल्या पिष्टावर भुंगेरा येतो, आणि पावसाळ्यातले नवे कोंब वाढून झाले की जुन्या वेळूतलं पिष्ट घटलेलं असतं. म्हणून तीन वर्षांपुढचा वेळू नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तोडा. चतुर्थीच्या आठवड्यात घाईनं तोडलेला कोवळा वेळू कुठल्याही तिथीचा असला तरी खाल्ला जाणार.

तोडल्यावर ओढ्यात किंवा तळ्यात दगड ठेवून दोन-तीन महिने बुडवून ठेवायची जुनी रीत आहे, ती अगदी शहाणपणाची आहे: साखर-पिष्ट पाण्यात उतरतं. तेवढा वेळ नसेल तर लिटरला 30 ग्रॅम बोरॅक्स आणि 20 ग्रॅम बोरिक ॲसिड या पाण्यात चिरलेल्या पट्ट्या तीन-चार दिवस बुडवा. अख्खा वेळू असेल तर लांब सळईनं आतल्या गाठी फोडून आठवडाभर, नाहीतर वरची गुळगुळीत साल काहीच आत जाऊ देत नाही. मग सावलीत वाळवा आणि व्हार्निश मारा. हे सगळं नोव्हेंबरात उरकायचं. फळं, भाज्या, आंब्याचे टाळे बांधायच्या चौकटीवर श्रावणात औषध मारणं चुकीचं.

पुढच्या वेळी लाकूड घेताना एक सोपी चाचणी करा. ताज्या कापलेल्या कोरड्या टोकावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. काळं-निळं झालं तर पिष्ट भरपूर, घेऊ नका. सावर, आंबा, रबर यांच्या फळ्या बहुधा काळ्या पडतात. त्या स्वस्त का असतात ते तिथंच कळतं.

म्हापशात फ्लॅटमध्ये वर्षापूर्वी प्लायची कपाटं करून घेतली. आता मागच्या फळीतून भुकटी येते. प्लायलाही कीड लागते?

लागते. पातळ पापुद्र्यांत पांढरा भाग भरपूर असतो, आणि अंडी बहुधा कारखान्यातूनच आलेली असतात. डिंकात कीटकनाशक मिसळलेलं किंवा परिरक्षक प्रक्रिया केलेलं प्लाय नसेल तर हे होऊ शकतं. आयएस 710 या मानकाच्या, म्हणजे मरीन प्लायला ही प्रक्रिया सक्तीची आहे. बिलावर तो क्रमांक असेल तर दुकानदाराशी बोलायला तुमच्याकडे आधार आहे. फळीवरचा छाप आणि बिल दोन्हींचे फोटो काढून ठेवा. दुरुस्तीच्या नादी लागू नका. मागची फळी 4 किंवा 6 मिलिमीटरची असते, ती काढून घराबाहेर न्या आणि नवी लावा. बाकी कपाटाच्या मायका न लावलेल्या कडा आणि आतल्या बाजूंना औषध द्या. शेजारच्या लाकडी खाटेवर पुढचे सहा महिने नजर असू द्या.

केपेत एकानं धान्यात ठेवायच्या गोळ्या खोलीत ठेवून दार बंद करा असं सांगितलं. दुसरा म्हणतो काजूचं तेल लावा. आणि पोळपाटाला भोकं पडलीत, त्याचं काय?

गोळ्या नको. ॲल्युमिनियम फॉस्फाइडमधून निघणारा फॉस्फिन वायू कौलांच्या फटीतून, दाराखालून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपलेल्या माणसाचा जीव घेतो. त्या गोळ्या वापरायचा अधिकार परवानाधारकांनाच आहे, राहत्या घरात तर त्यांनीही सगळ्यांना बाहेर काढल्याशिवाय वापरू नयेत. कुणी उरलेल्या गोळ्या ‘ठेवा, उपयोगी पडतील’ म्हणून देऊ लागला तर घेऊ नका.

काजूच्या टरफलाचं तेल खरंच चांगलं, पण निरोगी लाकडाला. होड्यांना, माळ्याच्या उघड्या वाशांना ते लावतात, त्यावर नवी अंडी बसत नाहीत. आत असलेल्या अळीला ते पोचत नाही. लाकूड काळं होतं, आणि कातडीला बिब्ब्यासारखे फोड येतात. कोपरापर्यंत मोजे घाला.

पोळपाटाला यातलं कुठलंच औषध नाही, त्यावर भाकरी-चपाती लाटायची आहे. कोरडा करून प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच सोडू नका, एक पूर्ण दिवस तशीच राहू द्या. दव पिशवीवर जमतं, लाकडावर नाही. उन्हात तापवूनही हेच होईल असं वाटतं, पण परदेशी पाठवायच्या खोक्यांच्या लाकडाला नियम असा आहे की गाभ्यात 56 अंश तापमान सलग 30 मिनिटं हवं. अंगणात वरून चटका देणारा पोळपाट आतून तेवढा तापतोच असं नाही. भोकं पाच-सहाहून जास्त असतील तर मात्र फ्रीझरमधली जागा अडवू नका, तो चुलीत घालून नवा घ्या.